येते हं

४ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! जीपनं हाडं खिळखिळी केली, डोकं दोनदा टपाला आपटलं, पण पोचले. 'वेधशाळा' असं भारदस्त नाव असलं तरी प्रत्यक्षात हा डोंगरमाथ्यावर ठेवलेला पत्र्याचा दुमजली डबा आहे. खाली स्वयंपाकघर, कोठी आणि मावशींची खोली. बाहेरून लोखंडी जिना. वर माझी खोली आणि तिला लागून यंत्रांची खोली. जिना असा की मांजर चढलं तरी भांडी पडल्यासारखा आवाज व्हावा. देखावा फार सुंदर आहे असं बदलीच्या वेळी सगळ्यांनी सांगितलं होतं. असेलही. आत्ता चारी बाजूंनी एवढं धुकं आहे की मला माझा हात दिसला तरी पुरे.

काम सोपं. सकाळ-दुपार-संध्याकाळ तापमान, वारा, पाऊस यांचं रीडिंग घ्यायचं आणि उपग्रहाच्या डिशवरून मुख्यालयाला पाठवायचं. तीन महिने काढायचे की झालं. आल्या आल्या पिवळेधमक गमबूट मिळाले, तेही एक नंबर मोठे. चालले की फटाक फटाक वाजतात. ठकीनं पाहिले असते तर हसून हसून लोळली असती.

ठकी म्हणजे माझी लेक, आठ वर्षांची. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, घरात कुणी वापरत नाही. सकाळी निघताना घाईत मी 'चला, जाते' म्हणाले, तर सासूबाईंनी दारातच धरलं. जाते म्हणू नये, येते म्हणावं, एवढंही कळत नाही का, म्हणाल्या. पिशवी खाली ठेवायला लावून माझ्याकडून 'येते हं' वदवून घेतलं. ठकीनं पायरीवरून ओरडून सांगितलं, ये हं! नवरोबा म्हणाले की एवढ्यात जीप निघून जाईल आणि मग हिला खरंच यावं लागेल.

इथल्या मावशी मात्र वेगळ्याच. स्वयंपाक त्यांचा, साफसफाई त्यांची, आणि बोलणं अगदी तोलूनमापून. चहाचा कप ठेवला, 'जाते' म्हणाल्या आणि गेल्या. जेवण वाढलं, 'जाते' म्हणाल्या आणि गेल्या. जाऊन जाऊन जाणार कुठे, तर खालच्या मजल्यावर! मला आपलं उगाच कसंसंच झालं. सासूबाई असत्या तर त्यांनी मावशींना जिन्यावरून परत बोलावून उजळणी घेतली असती.

५ तारीख, मंगळवार

छत्रीवाला अजून इथेच आहे. माझ्याबरोबर जीपमधून आलाय, छपरावरची डिश नीट करायला. डिशला तो छत्री म्हणतो, म्हणून सगळे त्याला छत्रीवाला म्हणतात. दिवसभर छपरावर बसून त्यानं छत्री इंचभर इकडे, इंचभर तिकडे केली आणि शेवटी जाहीर केलं की आता एकदम फर्स्टक्लास.

फर्स्टक्लास कसलं डोंबल! संध्याकाळचं रीडिंग पाठवलं, पांघरूण गुंडाळून बसले आणि म्हटलं, चला, एखादा विनोदी सिनेमा लावू. नावं यायच्या आधी चक्री सुरू. पडद्याच्या मधोमध ती गोल गोल फिरणारी चक्री. नायिकेनं तोंड उघडलं, चक्री. चहा पिऊन आले, नायिकेचं तोंड उघडंच. मावशींनी खाली बटाटे सोलून, चिरून, फोडणीला टाकले, तेव्हा कुठे ती 'अगं' म्हणाली. मी चिडून लॅपटॉपला दोन शिव्या हासडल्या. त्या बहुधा लगेच पोचल्या असतील.

छत्रीवाल्याला बोलावून जाब विचारला. त्यानं शांतपणे समजावलं. शब्द इथून वर आकाशात जातो, उपग्रहाला टेकतो, मग खाली येतो. एवढी वाट चालून यायची म्हणजे वेळ लागणारच. त्यात आधी ऑफिसचा माल, उरलेल्या जागेत आपली करमणूक. मग त्यानं व्हिडिओखालची पट्टी दाखवली. लाल पट्टी म्हणजे आपण बघितलेलं. तिच्या पुढची राखाडी पट्टी म्हणजे आपण अजून बघितलं नाही, पण आपल्याकडे येऊन पडलेलं. राखाडी भरू द्यायची, मग बघायचं. म्हणजे ताटात सगळं वाढून होईपर्यंत हात धुऊन बसायचं. बरं.

६ तारीख, बुधवार

आज फार आनंद झाला. ठकी दिसली!

सरळ व्हिडिओ कॉल इथून टिकत नाही, म्हणून छत्रीवाल्यानं युक्ती काढली. तुटक तुटक आवाजी निरोपांतून नवऱ्याला सूचना देऊन घरचा टॅब दिवाणखान्यातल्या कपाटावर ठेवायला लावला. त्यातून सोफा आणि बाहेरचं दार, दोन्ही दिसतं. टॅब आपला दिवसभर चित्र पाठवत राहणार, मी सिनेमा बघावा तसं माझं घर बघायचं. माझा आवाज मात्र वेगळा, निरोपासारखा, रेकॉर्ड करून पाठवायचा. तो पाच-दहा मिनिटांनी टॅबमधून वाजतो. म्हणजे ठकी काहीतरी विचारते, मी उत्तर देते, आणि उत्तर पोचेपर्यंत बाई दुसऱ्याच विषयावर गेलेल्या असतात.

मी विचारलं, मग इथे राखाडी पट्टी का नाही? छत्रीवाला हसला. म्हणाला, ताई, हे लाइव्ह आहे. जे घडलंच नाही ते आधी येऊन कसं पडेल? पटलं. दुपारच्या जीपनं तो खाली गेला.

ठकीनं मला आमचं कोडं घातलं. आमच्याकडे एक लबाड मांजर आहे, तिच्यावरून आम्हीच केलेलं. आपली मांजर रोज खाते, तरी पोट भरत नाही, असं काय? उत्तर: बोलणी. रोज सासूबाईंची बोलणी खाते ना! मी उत्तर पाठवलं, ते पोचलं तेव्हा ठकी दूध पीत होती, हसताना नाकातून दूध आलं. मग मी म्हणाले, येते हं. थोड्या वेळानं ते वाजलं आणि ठकीनं टॅबकडे हात हलवून सांगितलं, ये हं!

डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मागे काहीतरी आदळलं. मावशी दारात उभ्या, हातातलं झाकण जमिनीवर. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाल्या, इथून कुणालाही येते म्हणत जाऊ नका, जाते म्हणा. मी म्हटलं, अहो, पण जाते म्हणू नये. तर एकदम तडकून म्हणाल्या की ते खाली, घरात. इथून शब्द फार लांबून जातो.

मलाही राग आला. माझ्या पोरीशी मी काय बोलायचं हे आता स्वयंपाकघर ठरवणार का! तसं बोलूनही टाकलं. त्या 'जाते' म्हणून गेल्या.

९ तारीख, शनिवार

तीन दिवस मजेत गेले. संध्याकाळचं रीडिंग झालं की मी माझ्या घरात. सासूबाई टॅबसमोरून जाताना पदर सारखा करतात, जशी काही मीच पाहुणी आहे. नवरोबा कांदा कापताना रडले आणि ठकीनं मला सांगितलं की बाबांना तुझी आठवण येते. रोज शेवटी येते हं, ये हं.

आज ठकी म्हणाली की काल मी दोनदा येते म्हणाले. एकदा रोजच्यासारखं, आणि नंतर टॅब मिटल्यावर. टॅब मिटल्यावर कसं वाजेल, असं मी विचारून पाठवलं. उत्तर आलं तेव्हा ती बूट काढत होती, खांदे उडवून म्हणाली की टॅबमधून नाही, जिन्याकडून.

शेजारच्या कुणीतरी आपल्या घरी म्हटलं असेल. सगळ्या बायका तेच म्हणतात.

११ तारीख, सोमवार

एक विचित्र गोष्ट झाली. लिहून ठेवते म्हणजे डोकं शांत होईल.

दुपारचं रीडिंग पाठवून लॅपटॉप उघडला. घरी सासूबाई सोफ्यावर बसून शेंगा सोलत होत्या. ठकी शाळेत. चित्राखाली लाल पट्टी, लाल ठिपका आणि ठिपक्याच्या पुढे बोटभर राखाडी पट्टी.

मला वाटलं, चित्र मागे पडलंय. ठिपका धरून पुढे सरकवला. सासूबाईंनी वाकून टोपली उचलली, चष्मा नाकावरून घसरून फरशीवर पडला, एक काच फुटली, 'अगंबाई' म्हणाल्या. मी ठिपका सोडला, तो आपोआप मागे आला. सासूबाई अजून शेंगाच सोलत होत्या. चष्मा नाकावर होता.

मी घाईघाईनं आवाज पाठवला, आई, चष्मा सांभाळा. चक्री फिरत राहिली. सासूबाई वाकल्या. चष्मा पडला. काच फुटली. अगंबाई. बऱ्याच वेळानं टॅबमधून माझा आवाज आला, आई, चष्मा सांभाळा. सासूबाईंनी वर बघितलं आणि म्हणाल्या की हे आता सांगतेस होय!

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. छत्रीवाला म्हणाला होता की जे घडलंच नाही ते आधी कसं येऊन पडेल.

१३ तारीख, बुधवार

पट्टी रोज लांब होतेय. काल वीतभर दिसत होती. मी पुढे सरकवून बघते आणि मग मागे येऊन तेच पुन्हा घडताना बघते. भाजी खारट झाल्याची तक्रार. दिवे जाणं. ठकीचं पेन्सिलसाठी रडणं. सगळं तंतोतंत. आणि माझा आवाज प्रत्येक वेळी वरातीमागून घोडं.

आज पुढच्या तुकड्यात काहीच घडत नव्हतं. ठकी सोफ्यावर चित्र काढत होती. मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून दार आधी लक्षात आलं नाही. आमच्या दाराला वरच्या बाजूला धुरकट काच आहे. काचेपलीकडे कुणीतरी उभं होतं. बेल वाजवत नव्हतं, कडी वाजवत नव्हतं, नुसतं उभं. दाराखालच्या फटीत पिवळं काहीतरी होतं.

पिवळा रबर. गमबुटाचा चवडा. ओला.

वळून बघितलं. माझे गमबूट खोलीच्या दाराशी रोजच्या जागी होते. आज सकाळपासून मी बाहेर गेले नाही, रीडिंग खिडकीतून घेतलं. तरी ते ओले आहेत. आत्ता हात लावून बघितला. आतूनही.

१४ तारीख, गुरुवार

मावशींकडे गेले. खाली स्वयंपाकघरात. आधी माफी मागितली, मग सगळं सांगितलं. त्या कणीक मळत होत्या, हात थांबला नाही.

सांगत होत्या की त्या इथे आल्या तेव्हा चित्र नव्हतं, नुसता उपग्रहाचा फोन होता. घरी म्हातारी आई एकटी. रोज फोनवर येते म्हणायच्या, आई ये म्हणायची. एक दिवस आई फोनवर बोलेचना. का, तर म्हणे, तू इथे समोर बसलीयस आणि फोन कसला करतेस. मावशी तडक खाली गेल्या. खिडकीतून बघितलं. आत त्या स्वतःच बसल्या होत्या. आईच्या केसांना तेल लावत होत्या. आई डोळे मिटून हसत होती.

मावशींनी दार वाजवलं तेव्हा आईनं आतून विचारलं, कोण. मावशी म्हणाल्या, मी. आई म्हणाली, मी कोण? माझी लेक तर घरात आहे. तेव्हापासून त्या इथेच राहतात. जायला घरच नाही, म्हणाल्या. ते काय आहे, हे त्यांना ठाऊक नाही. शब्द एवढी लांबची वाट चालतो, मधे कुणाच्या तरी हाती लागणारच. आपण म्हणतो येते, पलीकडचं माणूस म्हणतं ये. त्याला तेवढं पुरतं. ते वाटेतच असतं, आपला शब्द त्याला पोचावा लागत नाही. बोलावल्याशिवाय ते कुठे जात नाही, आणि घरात शिरलं की मग संपलं.

मी कपाळ धरून बसले. इतकी वर्षं तोंडात बसलेला शब्द! ज्याचा अर्थ बाय, टाटा, काळजी घे, एवढाच, त्याचा कुणीतरी खरा अर्थ घेतला.

संध्याकाळी ठकीला म्हणाले, जाते. तिचा चेहरा पडला. आजी म्हणते जाते म्हणू नये, म्हणाली, आणि मुसमुसत, आपणहून — ये हं, आई. नक्की ये.

१५ तारीख, शुक्रवार

जीप येत नाही. धुक्यात रस्ता खचलाय असं मुख्यालयाच्या रेडिओवर सांगितलं. माझ्यासारखं दिसणारं कुणी दारात आलं तर घरात घेऊ नका, असा घरी निरोप द्या म्हटलं, दिला त्यांनी. नवरोबांचं उत्तर आलं की डोंगरावरच्या हवेत झोप नीट लागत नाही, आराम कर. वर गंमत म्हणून, भूत आलंच तर धुणंभांडी करून घेऊ. मी रेडिओवर रडले. ऑपरेटर बिचारा वाऱ्याचा वेग विचारायला लागला.

उद्या दुपारी सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्या आणि नवरोबा, दोघंही दवाखान्यात. ठकी शाळेतून येऊन तासभर एकटी असणार, शेजारच्या काकू येईपर्यंत.

म्हणून मी युक्ती केली. ठकीला आवाज पाठवला की दारात कुणीही आलं, अगदी मी जरी आले, तरी आधी आपलं मांजरीचं कोडं घाल. जो बोलणी म्हणेल त्यालाच दार उघड. ठकीला ही फार गंमत वाटली. शाबास, म्हटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

मावशींना सांगितलं. त्यांनी पोळी तव्यावर तशीच टाकली. विचारलं, हे तुम्ही तिला सांगितलं कुठून?

कुठून म्हणजे —

अरे देवा. त्याच वाटेवरून.

१६ तारीख, शनिवार, सकाळ

रेडिओ रात्रीपासून नुसता खरखरतोय, म्हणून मावशी चालत खाली निघाल्या. रस्ता खचलाय तिथून पलीकडे उतरून गाव गाठतील, तिथून नवऱ्याला फोन. मी जायला निघाले तर त्यांनी अडवलं. तुम्ही इथे बसा, नजर ठेवा, तुमच्या पोरीला तुमचं तोंड दिसो न दिसो, आवाज तरी असू दे. जिन्यापाशी डोक्यावरून हात फिरवला. 'जाते' म्हणाल्या. मी पण म्हणाले, जा.

चपला घालून गेल्या. गमबूट घ्या म्हटलं, नको म्हणाल्या.

दुपार

पट्टी पडद्याच्या टोकापर्यंत गेलीय. पुढे सरकवलं.

ठकी सोफ्यावर. काचेपलीकडे माणूस. माणूस नव्हे, मी. माझी शाल, माझा अंबाडा. बाहेरून माझा आवाज — ठकी, आले गं.

ठकी दाराशी गेली. कोडं घातलं. बाहेरून हसत — बोलणी.

ठकी टाळ्या पिटते. वरच्या कडीला हात पुरत नाही. स्टूल ओढते —

इथे पट्टी संपली. पुढे काय, ते आलेलं नाही.

मागे आले. लाइव्हमध्ये ठकी अजून शाळेची पिशवी उतरवतेय. वेळ आहे. आवाज पाठवला, दार उघडू नको, मी इथे आहे, डोंगरावर आहे, दार उघडू नको. चक्री. चक्री. चक्री.

थोड्या वेळानं

घडायला लागलंय.

काचेपाशी ती उभी आहे. ठकी, आले गं, म्हणाली. आणि त्याच वेळी माझा आवाज टॅबमधून वाजला! पोचला! या वेळी वेळेवर पोचला! दार उघडू नको, मी डोंगरावर आहे.

ठकी मधेच थांबली. एकदा दाराकडे, एकदा टॅबकडे. माझं शहाणं लेकरू. दोघींना कोडं घातलं. आपली मांजर रोज काय खाते?

मी बोलणी म्हणाले. ओरडले, बोलणी, बोलणी गं बाळा. चक्री फिरतेय. दारामागून लगेच उत्तर आलं. मी अजून चक्रीत.

ठकी वाट बघतेय. टॅबकडे बघून म्हणाली की तुला येत नाही. तू आई नाहीस.

स्टूल ओढतेय.

नाही नाही नाही

मावशी म्हणाल्या होत्या — ते वाटेतच असतं. त्याला शब्द पोचावा लागत नाही. ठकीला ऐकू जायला वेळ लागेल, त्याला नाही. बोलावल्याशिवाय ते कुठे जात नाही. मग बोलावलं की —

बोलावलं. मोठ्यानं. तिकडे नको, इकडे ये. मी इथे आहे, एकटी आहे, ये. ये हं. नक्की ये.

काचेमागचं डोकं वळलं. ठकीकडे नाही. सरळ माझ्याकडे.

ठकीनं कडी काढली. दार उघडलं. बाहेर कुणी नाही. नुसती ओली पावलं, मोठ्या गमबुटाची, जिन्याकडे जाणारी. ठकी त्यांच्याकडे बघत उभी. ठकी धड आहे. शेजारच्या काकू वर येताना दिसल्या. त्यांनी तिला जवळ घेतलं.

धड आहे माझी ठकी. धड आहे.

आता टॅबमधून माझा आवाज वाजला. बोलणी, बोलणी गं बाळा. ठकीनं ऐकलं. टॅबकडे धावत आली. आई, तूच होतीस, म्हणतेय. रडतेय. सोनुली माझी.

नंतर

गमबूट दाराशी नाहीत.

लॅपटॉप बंद केला. इथे ती वाट पोचत नाही, कागदावर. म्हणून कागदावर लिहिते. मावशी येतील, ही वही तुझ्या बाबांना देतील. वाच, ठकी. मोठ्यानं नको.

कुणीतरी घरी येईल. माझ्यासारखं दिसेल. तीन महिने संपले की बॅग घेऊन येईल, कोड्याचं उत्तर बरोबर देईल. बोलणी म्हणणारीला दार उघडू नकोस. ती मी नाही.

जिना वाजतोय. फटाक फटाक. सावकाश येतेय.

मी खरी आले तर बोलणी म्हणणार नाही, येते म्हणणार नाही, आले म्हणणार नाही. दारात उभी राहून आधी एकच शब्द म्हणेन, तो आजवर कधीच फोनवर, टॅबवर बोललेला नाही, फक्त तुझ्या कानात, तू अगदी तान्ही होतीस तेव्हा. बाबांना माहीत आहे. नसेल आठवत तर लिहिते, नीट बघून ठेव, ठकी, तो शब्द आहे